काकवीत अडकलेला क्लच

कुशाबाईचा पॉवर टिलर सुरू करायला दोन बायका लागायच्या. एकीनं इंजिनाच्या माथ्यावरची लहान लिव्हर दाबून धरायची, म्हणजे आतला दाब सुटतो आणि इंजिन हलकं फिरतं. दुसरीनं दोन्ही हातांनी हँडल फिरवायचं. हँडलला वेग आला की फिरवणारी ‘सोडा!’ म्हणून ओरडायची, लिव्हर सुटायची आणि इंजिन धडधडू लागायचं. पुरुषमाणूस ही दोन्ही कामं एकटा करतो. कुशाबाईच्या एका हातात तेवढा जोर नव्हता, म्हणून लिव्हर सासूकडं होती.

सासू म्हणजे बानूबाई. हिची निम्मी हयात मेंढरांमागं चालण्यात गेलेली. नवरा आबाजी गेला, मेंढरं विकली, थोरला मुलगा गेणबा शेतीत पडला. धाकट्या दत्तोबाचं घर शेजारच्याच रानात, विटांचं, वर टीव्हीचा अँटेना. पण म्हातारी राहायची थोरल्या सुनेकडं. कुणी विचारलं तर म्हणायची, “धाकल्याच्या घरी मला काय काम हाय? हितं माझ्याबिगर इंजिन चालू व्हत न्हाय.”

भिगवणच्या अलीकडं, डाळजच्या शिवारात, गेणबानं डाळिंबाची बाग लावली होती. धरणाचं पाणी फुगून आलं की विहिरीला झरे लागायचे, त्यावर बाग जगायची. डाळिंबाच्या फांद्या जमिनीपासून पसरतात. बैलाच्या शिंगांनी त्या मोडतात आणि मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही. म्हणून गेणबानं सांगवीच्या एका द्राक्षबागायतदाराकडून जुना पॉवर टिलर आणला होता. दोन चाकं, पुढं डिझेल इंजिन, मागं जमीन फोडणारी फिरती पाती आणि लांब दांड्या धरून मागून चालणारा माणूस. बाग पहिल्यांदा फळावर आली त्या वर्षी गेणबा काविळीनं गेला. दांड्या कुशाबाईनं धरल्या. गावात थोडं हसू झालं. बानूबाईनं ते एका वाक्यात मिटवलं. “मेंढरामागं चालायचं तसंच ह्याच्यामागं चालायचं. ह्ये निदान कुनाच्या पिकात तरी शिरत न्हाय.”

हे तिचं बोलणं १९९६ च्या हिवाळ्यात खोटं ठरलं.

दिवाळी झाली होती. बाग ताणावर होती, म्हणजे पाणी तोडलेलं होतं. पानं पिवळी पडून गळायला लागली होती. या दिवसांत ओळींमधली जमीन हलकी फोडायची, छाटणी करायची, खत द्यायचं आणि मग पाणी सोडायचं. पाण्याबरोबर बाग फुलते. हे सगळं वेळेत झालं तर बहार धरतो. लांबलं तर फुलं उन्हाच्या तडाख्यात सापडतात आणि गळतात.

नेमका त्याच वेळी टिलर दम टाकायला लागला. इंजिन फिरायचं, पण कडक जमीन आली की पाती थांबायची आणि जळक्या रबराचा वास यायचा. इंजिनाची ताकद मागं नेणारे तीन पट्टे एकमेकांशेजारी असतात. ते झिजून गुळगुळीत झाले होते आणि चाकावरून घसरत होते. एवढं कुशाबाईला कळत होतं. पट्टा घसरला की काय करायचं हेही तिला माहीत होतं, निदान तसं तिला वाटत होतं.

तिचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. वडील गुळव्या होते, हंगामभर गुऱ्हाळावर असायचे. तिथं उसाचा चरक ऑइल इंजिनावर चालायचा आणि मधे कापडी पट्टा असायचा, हातभर रुंद. तो घसरायला लागला की वडील चिपाडाच्या टोकाला काकवी लावायचे आणि फिरत्या पट्ट्यावर अलगद धरायचे. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा दाट पाक. पट्टा चिकटायचा, चरक कुरकुरत फिरायचा. लहानपणी कुशाबाईनं हे इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. माहेराहून आलेली काकवीची बरणी घरात होती. तिनं पट्ट्यांवर चिपाडाच्या टोकानं काकवी लावली. भागेना, तेव्हा वाटीनं ओतली.

टिलर चालला. नुसता चालला नाही, नवा असल्यासारखा चालला. दोन ओळी फोडून झाल्यावर कुशाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि बरणीकडं कौतुकानं पाहिलं.

गुऱ्हाळाचा पट्टा मोकळ्या हवेत असतो. टिलरचे पट्टे ज्या चाकावर बसतात त्या चाकाच्या पोटात क्लच असतो. एकाआड एक बसवलेल्या पातळ चकत्या, त्यांनी एकमेकींना धरलं की पाती आणि चाकं फिरतात, सोडलं की थांबतात. इंजिनाच्या धगीनं काकवी पातळ झाली आणि झिरपत चकत्यांमध्ये गेली. टिलर गार झाल्यावर तिथंच घट्ट बसली. टिलरवर मुंग्यांची रांग लागली, ती बानूबाईनं पाहिली, ‘मुंग्या उगं येत न्हायत’ असं म्हणालीसुद्धा. उंदरांनी एका पट्ट्याची कड कुरतडली, ती कुणीच पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी इंजिन सुरू केलं. कुशाबाईनं टिलर ओळीत घातला, ओळ संपत आली तसा क्लचचा दांडा मागं ओढला. टिलर थांबला नाही. तिनं पुन्हा ओढला. टिलर ओळीच्या बाहेर पडला, बांध चढला आणि दत्तोबाच्या कांद्यात उतरला. दांड्यांवरच्या दोन्ही मुठी दाबल्या असत्या तर चाकं सुटली असती, इंजिनाची गती कमी केली असती तर वेग गेला असता. हे तिला नंतर आठवलं. त्या क्षणी तिच्या हातात फक्त क्लचचा दांडा होता आणि ती तो जीव खाऊन ओढत होती. टिलर वाफे तुडवत पलीकडच्या बांधाला जाऊन धडकला. चाकं जागच्या जागी माती उडवत राहिली.

मागून बानूबाई चालत आली. ती धावली नाही. बिथरलेल्या जनावराच्या अंगावर धावायचं नसतं हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिनं बाजूनं येऊन इंजिनाच्या माथ्यावरची आपली लिव्हर दाबली आणि दाबूनच धरली. इंजिन फुसफुसलं आणि बंद पडलं.

“येवडी एकच कळ मला ठावं हाय,” म्हातारी म्हणाली. “चालू कराया लागती, तर बंद कराया का न्हाय लागायची?”

दत्तोबा आला तेव्हा कुशाबाई तुडवलेल्या वाफ्यात उभी होती. दत्तोबा उसाचा शेतकरी, कारखान्याचा सभासद, बोलायला फटकळ. त्यानं आधी आईला नीट पाहून घेतलं, मग वहिनीला, मग कांद्याला.

“लागलं न्हाय ना कुनाला?”

“न्हाय, भावजी.”

“मग आता ऐका. ह्ये यंत्र संपलं. दादा हुता तवर ठीक हुतं. उद्या ह्ये तुमाला घिऊन हिरीत जाईल, मग लोक मला इचारतील, तू कुटं हुतास. बाग माझ्याकडं द्या. मी गडी लावून बघतो. निम्मा माल तुमचा.”

“बाग मी बघती.”

“कशानं? खुरप्यानं?” त्यानं टिलरकडं हात केला. “दत्तजयंतीपातुर थांबतो. तवर जमीन फुटली, तर मी तोंड उघडनार न्हाय. न्हाय फुटली, तर ह्या बहाराची बाग माझ्याकडं. आये, तूच सांग, चुकीचं बोलतोय का मी?”

“बोलनं चुकीचं न्हाय,” बानूबाई म्हणाली. “पर तुझ्या गड्याला मी लिव्हर दाबू देनार न्हाय.”

दत्तोबाचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं, आणि तेच कुशाबाईला जड जात होतं. बाग त्याच्याकडं गेली तर तो फसवणार नव्हता. निम्मा माल वेळेवर दारात आणून ठेवला असता. पण एकदा गडी बागेत शिरले की पुढच्या वर्षी तिनं दांड्या धरायचं काही कारण उरलं नसतं. मुलगी योगिनी बारामतीला शिकायला होती. ती सुट्टीला आली की तिला बागेत नेऊन ‘हे झाड तुझ्या वडलांनी लावलं, हे मी लावलं’ असं दाखवायची कुशाबाईला सवय होती. दुसऱ्यानं राखलेल्या बागेत असं बोट दाखवत फिरता येत नाही. आणि काकवीची गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. गुळव्याच्या पोरीनं इंजिनाला काकवी पाजली, हे गावाला पुढची दहा वर्षं पुरलं असतं.

तिनं आधी कांद्याचं पाहिलं. रोपं मागून आणली आणि तुडवलेले वाफे पुन्हा लावून दिले. दत्तोबानं नको म्हटलं नाही. मग ती भिगवणला गेली. तिथल्या गॅरेजवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आख्खा क्लच बदलावा लागेल, तो पुण्याहून मागवावा लागेल, आणि कधी येईल ते सांगता येत नाही.

एक माणूस उरला होता. टिलर सांगवीत होता तेव्हा त्याचं काम रामहरी नावाचा फिटर करायचा, असं गेणबा सांगायचा. कुशाबाई एसटीनं बारामतीला आणि तिथून फलटण रस्त्यानं सांगवीला गेली. रामहरीचं दुकान म्हणजे बाभळीखालचं पत्र्याचं छप्पर. बाहेर उघडी पडलेली इंजिनं, पंप, पितळी बुशांचा ढीग. रामहरी एका इंजिनाखाली पोत्यावर पाठ टेकून पडला होता. फक्त पाय दिसत होते. कुशाबाईनं पायांनाच सगळी हकिकत सांगितली.

“बाई, तुमी लांबून आलाय,” इंजिनाखालून आवाज आला, “पर दत्तजयंतीच्या आत माझ्याच्यानं हुनार न्हाय. ही समदी मढी माझ्याच दारात पडल्यात.”

“बरं,” कुशाबाई म्हणाली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ती वळली.

“कुनाचा म्हनला टिलर?”

“गेणबाचा. डाळजच्या. मेंढरंवाल्या आबाजीचा थोरला.”

पाय हलले. मग गुडघे, मग ग्रीसनं माखलेला माणूस बाहेर आला आणि उठून बसला.

“मेंढरंवालं आबाजी? पांढऱ्या घोड्यावर बिऱ्हाड असायचं ते?”

“व्हय. सासरं माझं.”

रामहरीनं हात पुसले. मग आत गेला आणि पिशवीत पाने-हातोडी भरायला लागला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी डाळजला पोचला. अंगणात पोतं टाकून त्यानं टिलर उघडायला घेतला. बानूबाई समोर उकिडवी बसली, हातात लोकर कातायची चाती. मेंढरं गेली तरी लोकर कातायची सवय गेली नव्हती. ओळखीच्या कळपांकडून ती लोकर मागून आणायची.

रामहरीनं आधी पट्टे काढले. कुरतडलेला पट्टा उंच धरून पाहिला. मग झाकण काढलं आणि थांबला. चकत्यांच्या फटीत काळपट, चकचकीत काहीतरी होतं. त्यानं बोटानं खरवडलं.

“ह्ये ग्रीस न्हाय.” त्यानं वास घेतला. मग बोट जिभेला लावलं.

कुशाबाईनं मान खाली घातली. नेमका तेवढ्यात दत्तोबा फाटकातून आत आला.

“गोड हाय,” रामहरी म्हणाला.

बानूबाईनं चाती खाली ठेवली.

“काकवी हाय ती,” कुशाबाई म्हणाली. “पट्टा घसरत हुता. गुऱ्हाळावर लावत्यात, तशी लावली मी.”

“मी म्हनलं न्हवतं, मुंग्या उगं येत न्हायत?” बानूबाई म्हणाली.

दत्तोबानं हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. “वयनी, दिवाळीला आमाला चार अनारसं धाडली आन् यंत्राला वाटीभर काकवी! मग ते धावंल न्हाय तर काय?” तो टिलरभोवती एक चक्कर मारून आला. “पर रामहरीभाऊ, ह्ये जमतंय का? का उगं खोलून ठिवायचं?”

“बगू,” रामहरी म्हणाला.

त्यानं चकत्या एकेक करून सोडवल्या. काही हातोडीच्या लाकडी मुठीनं ठोकून सोडवाव्या लागल्या. परातीत डिझेल घेऊन त्यानं त्या घासल्या. वरचं तेलकट काळं निघालं, चिकटा तसाच. मग बाटलीतलं पेट्रोल घेतलं. पेट्रोल उडून गेलं आणि चकती हाताला तशीच चिकटत राहिली. त्यानं कानस उचलली, पुन्हा खाली ठेवली. “घासून काढलं तर वरचं अस्तर जाईल,” तो स्वतःशीच बोलला. “मग नवीनच आनावी लागंल.”

दत्तोबानं ‘मी म्हटलंच होतं’ असं तोंडानं म्हटलं नाही. पण तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला होता आणि त्या उभं राहण्यात ते आलं होतं.

कुशाबाई परातीकडं पाहत होती. गुऱ्हाळ थंड झालं की रात्रभर कढईला पाक चिकटून बसायचा, दगडासारखा. सकाळी वडील तो कधी खरवडायचे नाहीत. कढईत पाणी ओतायचे, खाली थोडी चिपाडं पेटवायचे आणि तंबाखू मळत बसायचे. पाणी कोमट झालं की कढई आपोआप सुटायची.

“रामहरीभाऊ,” ती म्हणाली, “कडत पान्यात टाकलं तर चालंल का? गुळाची कढई पान्यानंच सुटती.”

रामहरीनं वर पाहिलं. “क्लचला पानी?” मग त्यानं हातातल्या चकतीकडं पाहिलं आणि हसायला लागला. “मी साखर डिझेलात इरघळवाया बसलोय व्हय! आना, आना. पर उकळतं नको, अस्तराचं काय हुईल सांगता येत न्हाय. हात घालवंल एवडंच.”

चुलीवर हंडा चढला. चकत्या पाण्यात गेल्या आणि पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं झालं. कुशाबाईनं पाणी बदललं. दुसऱ्या पाण्यात चकत्या एकमेकींपासून सुटून खुळखुळायला लागल्या. रामहरीनं एक बाहेर काढून नखानं घासली. नख कोरडं आलं.

पण पाण्याचं वेगळं दुखणं होतं. लोखंडी चकत्यांना गंज धरू नये म्हणून त्या लगेच पुसायच्या. अस्तराच्या चकत्या पुसून भागत नाही, आतपर्यंत वाळल्या पाहिजेत. त्या उन्हात कुठं ठेवायच्या, तर जमिनीवर धूळ, पत्र्यावर चटका. बानूबाई उठली, आत गेली आणि घोंगडी घेऊन आली. काळी, जाड, धुवट. ती तिनं उन्हात अंथरली आणि चकत्या पापडासारख्या मांडल्या. कोंबड्या हाकायला स्वतः काठी घेऊन बसली.

“तवा तुमच्याकडं हीच घोंगडी हुती का वो, मावशी?” रामहरी जेवताना म्हणाला.

“कवा?”

“आमच्या रानात मेंढरं बसली हुती तवा. दुष्काळ सरला त्याच्या म्होरल्या वर्साला.”

मग त्यानं सांगितलं. मेंढपाळ रात्री शेतात मेंढरं बसवतात, लेंड्यांनी रान कसदार होतं, आणि शेतकरी त्याबदल्यात धान्य घालतो, ही रीत. बहात्तरच्या दुष्काळानंतर रामहरीच्या वडिलांच्या घरात घालायला धान्यच नव्हतं. रान तर खडखडीत पडलेलं. आबाजींचा कळप रस्त्यानं चालला होता. वडिलांनी विचारलंसुद्धा नाही, नुसते बांधावर उभे राहिले. आबाजी स्वतःच थांबले, कळप रानात घातला आणि म्हणाले, पिकल्यावर बघू. ते रान त्या वर्षी असं पिकलं की घर उभं राहिलं. पुढं आबाजींची वाट बदलली, ते सांगवीला फिरकले नाहीत. पण वडील असेपर्यंत दर सुगीला खळ्यावर आबाजींच्या नावाचं माप वेगळं निघायचं आणि ते मारुतीच्या देवळात जायचं.

बानूबाईनं सगळं नीट ऐकलं. “असंल,” ती म्हणाली. “कितीक रानात बसवली. कुनाच्या किती, ध्यानात कोन ठिवतो?”

“आमी ठिवलं की,” रामहरी म्हणाला आणि भाकरी मोडली.

पट्ट्यांसाठी कुशाबाई बारामतीला गेली. कुरतडलेला एकच बदलावा असं तिच्या मनात होतं. दुसरे दोन गुळगुळीत झाले असले तरी अजून चालतील असं तिला वाटत होतं. पण ती निघताना रामहरीनं बजावलं होतं. तिन्ही एकदम, आणि तिन्हींवर छापलेला आकडा सारखा पाहिजे. एक नवा आणि दोन जुने असले तर सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो. दुकानदारानं खुंटीवरचे पट्टे काढून दिले. कुशाबाईनं उजेडात नेऊन आकडे एकेक करून ताडून पाहिले. एक जुळत नव्हता, तो तिनं बदलून मागितला. दुकानदारानं नवलानं पाहिलं आणि दिला.

चकत्या वाळल्या. रामहरीनं बेअरिंग पुसून नवं ग्रीस भरलं, क्लच बसवला, पट्टे चढवले. इंजिन त्याच्या बैठकीवर थोडं पुढं सरकवून पट्टे ताणले. मग कुशाबाईचा अंगठा धरून पट्ट्याच्या मधोमध ठेवला. “दाबा. एवडाच दबला पायजे. जास्ती दबला तर घसरंल, न्हायच दबला तर बेअरिंग खाईल. आन् आनखी एक. नवा पट्टा काम सुरू झालं की लांबतो. वास आला की घाबरायचं न्हाय, बंद करायचं, गार हू द्यायचं, ह्ये नट ढिलं करून इंजिन सरकवायचं. मी काय दर येळंला नसतो.”

“आन् काकवी?” बानूबाईनं विचारलं.

“भाकरीसंगं,” रामहरी म्हणाला.

दोन बायकांनी इंजिन सुरू केलं. कुशाबाईनं क्लच सोडला, टिलर पुढं निघाला. तिनं दांडा मागं ओढला. टिलर जागच्या जागी उभा राहिला. तिनं पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. रामहरी बांधावर बसून पाहत होता. तिनं किती वेळा हेच केलं ते पाहून तो शेवटी म्हणाला, “पुरं की, त्याला बी लाज वाटायला लागली.”

निघताना त्यानं मजुरीचं नाव काढलं नाही आणि कुशाबाईनं काढलं तेव्हा पिशवी उचलून चालायला लागला. बानूबाईनं त्याला फाटकापाशी गाठलं. चकत्या वाळवलेली घोंगडी घडी करून तिच्या हातात होती.

“ही ने. थंडीत पोत्यावर लोळतूस, पाट धरंल.”

“मावशी, ग्रीस लागंल की हिला.”

“लागू दी. लोकर मेंढराच्या अंगावर असती तवा काय कमी लागतं?”

रामहरीनं घोंगडी घेतली. तो वाकून म्हातारीच्या पाया पडला आणि ती त्याच्या ग्रीसच्या हाताकडं पाहून चटकन मागं सरली.

कामाला दत्तजयंतीच्या आधीचे मोजकेच दिवस उरले होते. पहिला दिवस सरळ गेला. दुसऱ्या दिवशी बागेच्या वरच्या अंगाला, जिथं जमीन चुनखडीची आणि कडक आहे, तिथं पाती अडखळली आणि तोच जळक्या रबराचा वास आला. दत्तोबा बांधावर उभा होता. तो उसाला पाणी द्यायला आला होता, असं त्याच्या खांद्यावरच्या फावड्यावरून दिसत होतं. मात्र पाणी दुसऱ्याच सरीत चाललं होतं.

“झालं का पुन्यांदा?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा कमी आणि काळजी जास्त होती.

कुशाबाईनं इंजिन बंद केलं. ती डाळिंबाच्या सावलीत बसली. घामानं भिजलेला पदर तिनं वारा घ्यायला सैल केला, पाणी प्यायली, बानूबाईला दिलं. पट्टे गार होईपर्यंत तिनं टिलरला हात लावला नाही. मग उठून तिनं पान्यानं नट ढिले केले, इंजिन खांद्यानं रेटून किंचित सरकवलं आणि अंगठा पट्ट्याच्या मधोमध दाबला. पुन्हा थोडं सरकवलं, पुन्हा दाबला. नट आवळले. एक जरा अडत होता, तो तिनं पान्यावर पाय देऊन आवळला.

“आत्याबाई.”

बानूबाईनं लिव्हर दाबली. कुशाबाईनं हँडल फिरवलं. “सोडा!” इंजिन धडधडलं. टिलर कडक जमिनीत शिरला आणि ढेकळं उलथत पलीकडं बाहेर पडला. ओळीच्या टोकाला तिनं क्लच ओढला. तो थांबला. तिनं वळवला आणि पुढची ओळ धरली. बांधावर कोण आहे हे पाहायला तिनं मान वर केली नाही.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेवटची ओळ झाली. दत्तोबा बागेत उतरला. त्यानं वाकून मूठभर माती उचलली, चुरडली आणि खाली सोडली. खोडाजवळ कुठं मूळ तुटलंय का ते पाहत तो दोन-तीन ओळी हिंडला. कुशाबाई टिलरची पाती पाण्यानं धूत होती.

“माती बरी फुटलीया,” तो आला आणि म्हणाला.

“व्हय.”

“मी तोंड उघडनार न्हाय म्हनलो हुतो.”

“उघडलंस की आत्ता,” बानूबाई म्हणाली.

दत्तोबा हसला. खांद्यावरचं फावडं त्यानं जमिनीवर टेकलं. “वयनी, औंदा मी बी दोन बिघं डाळिंब लावीन म्हनतोय. उसानं रान थकलंय. लावलं तर हितनं तितवर टिलर माराल का?”

कुशाबाई पाती पुसता पुसता थांबली. पट्टे जुळवून देणारा सांगवीचा माणूस, कांद्याचं नुकसान झालं तरी आधी माणसं पाहणारा हा दीर, काकवी धुऊन काढायला शिकवून गेलेला बाप, आणि समोर लिव्हरपाशी उभी असलेली ही सासू. एवढ्यांचं देणं तिच्या अंगावर होतं. ते बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

“मारीन की,” ती म्हणाली. “तुमच्या कांद्यातनं तर एकदा मारलाच हाय.”

“मग हँडल तरी मला मारू द्या. तुमचं खांदं भरून येत असत्याल.”

“मारा. कोन न्हाय म्हनतंय?”

टिलर अजून अंगणात न्यायचा होता. दत्तोबानं हात चोळले आणि सवयीनं डावा हात इंजिनाच्या माथ्याकडं नेला. बानूबाईनं काठीनं तो हलकेच बाजूला केला आणि आपलं बोट लिव्हरवर ठेवलं.

“हँडल तुझं,” ती लेकाला म्हणाली. “हू दी सुरू.”